बत्ती नंबर चारशे सतरा

कुरिअरच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. लहानू दुर्गे त्या कुबड्यांवर चढला, काउंटरपाशी आला आणि बाकी काही न बोलता म्हणाला,

"माहा पाय कुठी आहे?"

काउंटरमागच्या दीपिकानं मोबाइलमधून मान वर केली नाही. "कोणता पाय जी काकाजी?"

"डावा."

आता तिनं पाहिलं. लहानूच्या पँटचा डावा पाय गुडघ्याखाली दुमडून तीन सेफ्टी पिनांनी टाचलेला होता. तिन्ही पिना सारख्या अंतरावर होत्या. सकाळी त्या त्याच्या बायकोनं, अंजनाबाईनं, लावल्या होत्या. त्यानं काढून पुन्हा स्वतः लावल्या.

लहानूचा कृत्रिम पाय उन्हाळ्यात तडकला होता. नागपूरला जिथं असे पाय बनतात तिथं तो स्वतः गेला, माप देऊन आला. नवा पाय कुरिअरनं येणार होता. तिथल्या माणसानं त्याला निघताना एकच गोष्ट बजावली होती. पायाचा खुंट रिकामा राहिला की फुगतो. ज्या सॉकेटमध्ये तो बसतो ते आजच्या मापाचं आहे. महिन्याच्या आत घाला. नाही तर बसणार नाही, मग पुन्हा माप आणि पुन्हा रांग. रांग चार महिन्यांची होती.

माप देऊन आज एकोणीस दिवस झाले होते.

दीपिकानं नंबर टाकला. "डिलिव्हर्ड दाखवते. दहा दिवस झाले."

"कोणाले देल्ला?"

"सही आहे ना." तिनं स्क्रीन फिरवला. सहीच्या जागी एक वळवळ होती.

"हे सही? कोंबडीनं माती उकरली तरी याच्यापेक्षा वाचता येते."

"काकाजी, आमचं काम पोचवायचं. पोचवलं."

"माह्या घरी पाय नाई अन् तू म्हणतेस पोचवलं. तांदूळ चुलीवर ठेवला की जेवण झालं म्हणतेस का तू?"

"नागपूरले फोन करा न मंग."

"केला. थे म्हणतात कुरिअरले विचारा. तू म्हणतेस नागपूरले विचारा. एका पायावर मी कितीक फेऱ्या मारू, थे सांग."

मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एक हसला. लहानूनं वळून पाहिलं, तसा तो बाहेर जाऊन रस्ता बघायला लागला.

घुग्घुसमध्ये लहानूला बरेच लोक असेच टाळतात. चौतीस वर्षं त्यानं तीन नंबरच्या खाणीत टिंबरचं काम केलं. म्हणजे कोळसा काढून पोकळ झालेल्या जागेत छताखाली लाकडाचे टेकू द्यायचे. टेकू एक बोटभर तिरपा बसला तरी तो काढून पुन्हा लावायला लावी, मग पाळी संपली असो की नसो. त्याच्या हाताखालच्या माणसांनी त्याला आयुष्यभर शिव्या दिल्या. त्याच्या टेकूखाली एकही माणूस मेला नाही, हेही तेच लोक सांगतात, पण शिव्या देऊन झाल्यावर. निवृत्त झाल्यावर त्यानं विहारामागच्या गल्लीत घर बांधलं, तेव्हा गवंड्याकडून एक भिंत दोनदा पाडून घेतली. तिसऱ्या वेळी गवंडी आलाच नाही. ती भिंत लहानूनं स्वतः बांधली, कृत्रिम पायावर उभं राहून.

असा माणूस एकोणीस दिवस खाटेवर. अंजनाबाईनं आदल्या रात्रीच सांगितलं होतं, "थो पाय आणा नाई तर मले माहेरी जाऊ द्या. भाजी तिरपी चिरली म्हणून मी यापुढं ऐकून घेणार नाई."

दीपिकानं वैतागून एक फोटो उघडला. "हा पाहा. ठेवला तिथं फोटो काढते आमचा गाडीवाला. हे तुमचं घर नाई का?"

फोटोत लोखंडी मांडणी होती. मांडणीत ओळीनं खण. खणांत काळ्या वायरी, आणि एका खणासमोर खाली ठेवलेला लांबट खोका.

लहानूनं फोटो एकदाच पाहिला. चौतीस वर्षं रोज दोनदा तो त्या मांडणीसमोर उभा राहिला होता.

"हे बत्तीघर आहे," तो म्हणाला. "खाणीतलं. माह्या घराचा पत्ता टाकून पार्सल बत्तीघरात कायले टाकलं?"

"नंबर तसा असंन. खाणीचं पार्सल आम्ही तिथंच टाकतो. सगळे तिथंच टाकतात."

"मी सहा वर्षांपासून खाणीत नाई."

"थे आम्हाले काय माहीत?"

"ज्यानं नंबर टाकला त्याची मी चामडी काढीन," लहानू म्हणाला आणि तीन पायऱ्या उतरला.

*

खाणीत मोबाइल नेता येत नाही. ठिणगीची भीती असते. कामगार खाली जाताना मोबाइल बत्तीघरात ठेवतो आणि डोक्याला लावायची बत्ती घेतो. वर आला की बत्ती परत, मोबाइल परत. कुरिअरवाले फोन करून करून दमले आणि मग एक रीत पडली. खाणीतल्या माणसानं पत्त्यात बत्ती नंबर लिहायचा. कुरिअरवाल्यानं फोन न करता पार्सल बत्तीघरात टाकायचं. बत्तीवाल्यानं ते त्या नंबरच्या खणापाशी ठेवायचं. माणूस वर आला की बत्ती ठेवताना पार्सल उचलतो. साडी, कुकर, शाळेची पुस्तकं, सगळं असं घरोघर गेलं आहे. सहसा चुकत नाही.

बत्तीघरात अजीम होता. चार्जिंगला लावलेल्या बत्त्यांचे लाल दिवे तो मोजत होता.

"अरे लहानूभाऊ. या या. चहा?"

"पाय दे."

अजीमनं जीभ चावली. "थो पाय होता?"

"तुले काय वाटलं, केळीचा घड?"

"खोका लांब होता. मले वाटलं छताचा पंखा आहे. चारशे सतरा लिहिलं होतं, मी चारशे सतराच्या खणापाशी ठेवलं. सही केली."

"थे सही तुझी? बरं. नाव नाई वाचलं?"

"भाऊ, दिवसाले तीस पार्सलं येतात. एक नंबर वाचतो, ठेवतो. अन् नाव वाचून पार्सल देल्लं असतं तर या खाणीत प्रकाश नावाचे नऊ जण आहेत, त्यायनं एकमेकाच्या बायकांच्या साड्या नेल्या असत्या."

"चारशे सतरा आता माहा नाई, थे बी माहीत नाई तुले?"

अजीमनं दिव्यांकडं पाहिलं. "दोन वर्षं झाली भाऊ. मंजुषाले देल्ला. झाडेची मंजुषा, पंपावर आहे ते."

लहानूला मंजुषा झाडे माहीत होती. खाणीत तिच्या घरची जमीन गेली, बदल्यात नोकरी मिळाली, आणि ती वर कार्यालयात फाइली उचलायचं सोडून खाली खाणीतलं पाणी उपसायच्या पंपावर गेली. इनक्लाइनच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरप्या बोगद्याच्या, उतारावरून बाईनं खाली जाणं तीन नंबरमध्ये कोणी पाहिलं नव्हतं. तिला नंबर द्यायची वेळ आली, तेव्हा पुरुषांनी चार वर्षं नाकारलेला चारशे सतरा तिच्या गळ्यात मारला. नाकारायचं कारण सगळ्यांना पाठ होतं. चारशे सतरा पाय खातो. लहानूच्या आधी पोचू नावाच्या कामगाराकडे तो नंबर होता, त्याचा पाय मोडला. पोचूनंतर लहानूकडे आला, त्याचा तर गेलाच.

पोचूचा पाय मोहाच्या झाडावरून पडून मोडला होता, आणि तेही सुट्टीच्या दिवशी. पण ते कोणी सांगत नसे.

आणि ही म्हण पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली, तेही कोणी विचारलं नव्हतं.

"तिनं पार्सल परत नाई आणलं?" लहानूनं विचारलं.

"नेलं. दुसऱ्या दिवसापासून माह्याशी बोलत नाई. बत्ती घेते, बत्ती ठेवते. मी म्हटलं पंखा चांगला नाई निघाला का, तर असं पाह्यलं माह्याकडे." अजीमनं डोळे वटारून दाखवले. "थे कोणाशीच बोलून नाई राह्यली, भाऊ. दहा दिवस झाले."

*

मंजुषाची सकाळपाळी होती. चार वाजून गेल्यावर लहानू तिच्या क्वार्टरपाशी पोचला. ती अंगणात दगडावर कोळशाचे कपडे आपटत होती. त्याला पाहून आपटायची थांबली नाही.

"या," ती म्हणाली. "दहा दिवस वाट पाहून राह्यली होती मी. कोण हसत येते म्हणून. तुम्ही स्वतः यासान असं नाई वाटलं."

"मी हसून राह्यलो का?"

"आतून."

"माहा पाय दे."

"तुमचा पाय?" तिनं शर्ट पिळला. पाणी काळं निघालं. "खणापाशी खोका ठेवता. त्याच्यावर माहा नंबर टाकता. उघडला तर आत पाय. माणसाचा पाय, बोटं असलेला. अन् त्याच्यावर तुमचं नाव, म्हणजे मले समजावं कोणाचा नंबर होता अन् त्याचं काय झालं. अन् आता म्हणता माहा पाय द्या."

लहानूला जरा वेळ लागला. मग समजलं. बाईला वाटलं होतं की खाणीतल्या माणसांनी तिला घाबरवायला पाय पाठवला.

"मले दुसरा धंदा नाई?" तो म्हणाला. "पाच हात लांबून पाह्यलं तरी दिसते मी कुबड्यांवर आहे."

"तुमचा तर पाय आहे. घालून फिरता. मी पाह्यलं."

"थो तडकला. हा नवा आहे. तुले घाबरवाले कोणी एवढा खर्च करंन, एवढी मोठी समजतेस का स्वतःले?"

"मंग चारशे सतरा कोणं लिहिलं?"

"थेच मी शोधून राह्यलो. कुरिअरवाली नाई तर नागपूरवाला. ज्यानं लिहिलं त्याले सोडत नाई. एक पत्ता नीट उतरवता येत नाई लोकायले. एक ओळ. हातात पेन आहे, समोर कागद आहे, तरी ध्यान कुठी राहते यांचं?"

मंजुषा उठली. हात पदराला पुसले, आत गेली. माळ्यावरून काही ओढल्याचा आवाज आला. ती खोका घेऊन बाहेर आली आणि त्याच्यासमोर ओट्यावर ठेवला, आपटला नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद होता. नागपूरला भरून घेतलेला अर्ज. छापील पत्ता त्याच्यावरूनच उतरवला होता.

"वाचा," ती म्हणाली. "ध्यान देऊन."

लहानूनं वाचला. अर्ज तिथल्या कारकुनाला त्यानं भरू दिला नव्हता. स्वतःचं काम स्वतः करायचं, म्हणून पेन मागून घेतलं होतं. अक्षर मोठं, सरळ, रेघेवर बसलेलं. नाव, लहानू पत्रू दुर्गे. पुढं एक चौकोन होता, त्यावर छापलं होतं 'नंबर'. विहारामागच्या गल्लीत घरांना नंबर नाहीत. चौकोन रिकामा सोडणं त्याला जमत नाही. त्या चौकोनात, त्याच्याच अक्षरात, लिहिलं होतं: ब. नं. ४१७.

चौतीस वर्षं रोज दोनदा सांगितलेला नंबर. लिहिल्याचं त्याला आठवतही नव्हतं.

"कोणाचं अक्षर आहे?" मंजुषानं विचारलं.

लहानूनं झाकण बाजूला सारलं.

"कोणाले सोडत नाई मंग?"

"पाय दे."

"घ्या न. समोर आहे."

तो ओट्यावर बसला. पिना काढल्या. खुंटावर मोजा चढवला, सॉकेट लावलं आणि जोर दिला. खुंट आत गेला आणि अडला. दोन बोटं बाहेर राहिला. त्यानं ओट्याला धरून अंगाचा भार टाकला. चेहरा काळा-निळा झाला. दोन बोटं बाहेरच राहिली.

मंजुषा पाहत होती. तिनं मदतीला हात पुढं केला नाही आणि तोंडही फिरवलं नाही.

"दहा दिवस तू माळ्यावर ठेवला," लहानू म्हणाला.

"दहा दिवस मी झोपली नाई. खाली पंपापाशी एकटी असते मी. आठ तास. वरून कोणाची बत्ती येतानी दिसली की पान्हा हातात घेऊन उभी राहत होती. तुमचे दहा दिवस मोजा, माहे बी मोजा."

तो पुन्हा जोर देऊ लागला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "पंपावर एक म्हातारा होता, गेला आता. त्यानं सांगतलं मले. नंबरानं पाय खाल्ला का तुम्ही चालू दोरावरून उडी मारली?"

लहानूचे हात थांबले.

इनक्लाइनमध्ये कोळशाचे डबे लोखंडी दोरानं ओढतात, त्याला हॉलेज म्हणतात. दोर चालू असताना ओलांडायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पलीकडं जायचं तर वर पुलापर्यंत जाऊन फिरून यायचं. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना लहानू दुर्गे, जो टेकू एक बोट तिरपा चालवून घेत नसे, त्यानं चालू दोर ओलांडला. दोर उसळला. दवाखान्यात लोक भेटायला आले, कसं झालं विचारू लागले, तेव्हा तो म्हणाला, नंबरच खराब आहे, पाय खातो. लोकांनी ते उचललं. दोन वर्षांपूर्वी मंजुषा पहिल्यांदा खाली जायला निघाली, तेव्हा चहाच्या टपरीवर, तिला ऐकू जाईल असं, तो पुन्हा म्हणाला होता, "चारशे सतरा घेतला न, पाय सांभाळ म्हणा."

"हा कागद माह्यापाशी राहीन," मंजुषा म्हणाली. तिनं पाकिटातून अर्ज काढून घडी केली. "पाय न्या. माणसाचा पाय मी ठेवत नाई. पण बत्तीघरात या, पाळी बदलतानी, सगळे असतानी. नंबरानं पाय खाल्ला का काय थे सांगा. नाई सांगतलं तर हा कागद बत्तीघराच्या दारावर चिकटवते. तुमच्या सुंदर अक्षरासकट."

"धमकी देऊन राह्यली?"

"हो."

तो निघाला. खोका कुबडीला बांधून न्यावा लागला. ती कपडे आपटायला बसली.

*

अंजनाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंजुषाच्या जागी मी असती तर पाय विहिरीत टाकला असता." मग तिनं पट्टी आणली.

खुंटाची सूज उतरवायचा एकच उपाय होता. मांडीपर्यंत पट्टी घट्ट गुंडाळायची, पाय उंच ठेवायचा, चार-चार तासांनी सोडून पुन्हा पहिल्यापेक्षा घट्ट बांधायची. तीन दिवस लहानूनं तेच केलं. पट्टीचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या अर्ध्यावर बसला पाहिजे म्हणून त्यानं अंजनाबाईकडून सात वेळा सोडवून घेतली. आठव्या वेळी तिनं पट्टी त्याच्या मांडीवर टाकली आणि चुलीपाशी गेली. पुढचं त्यानं एकट्यानं केलं, दात आवळून. मीठ खाणं सोडलं. चहा सोडला. पहिल्या दिवशी दोन बोटांचं दीड बोट झालं. दुसऱ्या दिवशी एक. चौथ्या दिवशी पहाटे त्यानं मोजा काढून पातळ मोजा घातला, पावडर लावली, भिंतीला धरून उभा राहिला आणि सगळा भार टाकला. सॉकेटनं आवाज केला. खुंट तळाला टेकला.

"बसला," तो म्हणाला.

"दुखते?"

"बसला म्हणलं न."

पावणेआठला तो बत्तीघरात होता. दीड किलोमीटर, कुबड्या न घेता. दारात गर्दी होती. सकाळपाळीची माणसं बत्त्या कमरेला लावत होती. अजीम खिडकीआड होता. रांगेत मंजुषा उभी होती, आणि तिच्या मागं-पुढं एकेका माणसाची जागा रिकामी सोडलेली होती.

लहानू मध्ये उभा राहिला.

"ऐका," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण तो आवाज ओळखणारे अजून बरेच होते. "हॉलेज चालू होता. मी दोर ओलांडला. पुलावरून फिरून गेलो असतो तर चारशे पावलं जास्त पडली असती. थेवढी वाचवली मी. नंबरानं काही खाल्लं नाई. नंबराचं मी बोललो, लाज वाटली म्हणून. पार्सलवर चारशे सतरा बी मीच लिहिलं."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "पोचूचा कसा मोडला मंग?"

"मोहाच्या झाडावरून पडला. पिऊन."

दोघं-तिघं हसले. एक जुना माणूस, ज्याच्याकडून लहानूनं कधीकाळी टेकू पाच वेळा लावून घेतला होता, तो हसला नाही. "आमचे टेकू मोजत होता बोटानं," तो म्हणाला, "अन् स्वतः दोरावरून."

"हो," लहानू म्हणाला.

तो माणूस थुंकला, बत्ती लावून उतरणीला लागला.

मंजुषा रांगेतून पुढं आली. शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याच्या पायाकडं एकदा पाहिलं. लहानूला वाटलं ती आता काही बोलेल. बोलली. तो बत्तीच्या खिडकीसमोरच आडवा उभा होता.

"मागं सरका. मले बत्ती घ्याची आहे."

तो सरकला. अजीमनं चारशे सतरा काढून तिला दिली. ती गेली.

घरी येऊन लहानूनं पाय काढला. पातळ मोजा दोन ठिकाणी लाल झाला होता. अंजनाबाईनं गरम पाणी आणून ठेवलं.

"काय म्हणाली थे?"

"मागं सरका म्हणाली."

"बराबर म्हणाली," अंजनाबाई म्हणाली, आणि मोजा धुवायला घेऊन गेली.